अंगठा पाहायचे दिवस

आला बाई मटार. सकाळी चेरीतालच्या आमच्या गल्लीत ठेलेवाला "मीठा मटर, मीठा मटर" ओरडत आला आणि मी उठून खिडकी लावून घेतली. समोरच्या मिश्रा भाभी हसतात मला. "दीदी, पूरा जबलपुर मटर खा रहा है और आप खिड़की बंद कर रही हैं!" हसू दे. त्यांच्या घरात मटार म्हणजे कचोरी. आमच्या घरात तो काय होता, हे त्यांना कुठून सांगत बसू?

बाहेरच्या माणसाला आमचं हे मटारवेड कळत नाही. थंडी पडली की पाटण-शहापुऱ्याकडून गाड्या भरभरून येतात, घमापुरच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही, रस्त्यावर टरफलांचा चिखल होतो आणि गायी त्यात मजेत उभ्या असतात. इथं पावकिलो मटार कोणी मागत नाही. मागितला तर भाजीवाला पाहतो, ही बाई आजारी आहे की परगावची? घ्यायचा तो पोत्यानं. मग गच्चीवर जुनी सतरंजी पडते, सगळं घर उन्हाकडे पाठ करून बसतं, आणि त्या दिवसांत जो कोणी दारात येईल त्याला पाणी नंतर, सोलायची थाळी आधी. पोस्टमन बसलेला मी पाहिलाय. गॅसवाला बसलेला पाहिलाय. एकदा मुलगी पाहायला आलेले लोकही बसले होते. त्यांच्यापुढे आईनं सवयीनं थाळी सरकवली आणि मग जीभ चावली.

पुण्याची माझी भावजय लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा चाटच पडली. "एवढा मटार? काय दुकान टाकायचंय का, ताई?" मी म्हटलं, "नाही वो, आज सोलून राहिलो, उद्या परवा खाऊन टाकू." ती हसत सुटली. म्हणाली, तुमचं मराठी म्हणजे हिंदीला दिलेली फोडणी. असेल. आम्ही मूळचे वर्ध्याकडले. राज्य एक होतं आणि राजधानी नागपूर होती तेव्हा आजोबा नोकरीत बदलून इथं आले. मग राज्यं वेगळी झाली, बदल्या थांबल्या आणि आम्ही राहिलो ते राहिलोच. भाषा घरात मराठी, फाटकाच्या बाहेर हिंदी, आणि रागावलो की दोन्ही.

मटार सोलण्यात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. फॅक्टरीत खराद, म्हणजे लेथ, चालवायचे, हात कसे ते विचारू नका. शेंगेच्या पोटावर अंगठा टेकवायचा, कट् आवाज व्हायचा, आणि तोच अंगठा आतून सरळ फिरायचा. दाणे थाळीत. आम्ही दोघं भावंडं, मी आणि माझ्यापाठचा बाळ, शर्यत लावायचो त्यांच्याशी. ते आमच्याकडे न पाहता, फॅक्टरीतल्या साहेबाची नक्कल करत करत जिंकायचे.

आणि एका वर्षी शेंग उघडेना.

मी तेव्हा बी.एड. करत होते, बाळ शाळेत होता. बाबांनी शेंगेवर अंगठा टेकवला, दाबला, परत दाबला. शेंग आपली तशीच. "यंदा साल जाड आहे मटरची," ते म्हणाले. आईनं त्यांच्या हातातली शेंग घेतली आणि तिच्या एका बोटानं ती उघडली. बाबांनी दुसरी शेंग दातांनी उघडली आणि हसून म्हणाले, "चलो, अशी तर अशी." आम्हीही हसलो. थंडीनं बोटं आखडली असतील, असं आई म्हणाली.

थंडी गेली तरी बोटं तशीच राहिली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मांसल भाग खाली बसला, तिथं खड्डा पडला. मग शर्टाची बटणं, मग सायकलचा ब्रेक, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. स्वतःचं काय काय चाललंय ते माणसाला सगळं कळावं आणि हलवता काहीच येऊ नये, असा तो आजार. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मोटर न्यूरॉनचा आजार. हालचालीचा निरोप नेणाऱ्या नसाच मरत जातात, म्हणाले. मग विचारलं, "खानदान में और किसी को था?" बाबांना तेव्हा थोडं बोलता यायचं. ते म्हणाले, "बड़े भाई को." डॉक्टरांनी मान वर केली आणि आमच्या दोघांकडे, आधी माझ्याकडे आणि मग बाळकडे पाहिलं. ती नजर मी आजपर्यंत विसरलेली नाही.

बाबा गेल्यावर मटार बंद झाला का? छे. आई म्हणायची, बंद केला तर लोक विचारतील. पुढच्या थंडीत परत सतरंजी पडली, परत थाळ्या आल्या. फक्त मी आता शर्यत लावत नव्हते. पहिली शेंग हातात घेतली की माझा जीव टांगणीला लागायचा. उघडली की सुटायचा. मग पुढच्या थंडीपर्यंत निवांत. बाकीच्यांसाठी ते मटाराचे दिवस, माझ्यासाठी अंगठा पाहायचे दिवस. कधी थाळी खाली ठेवून, कोणी पाहत नाही असं बघून, अंगठ्याखालचं मांस चाचपायची. कोवळी शेंग आहे की जून, मला काय चव कळणार!

माझाच अंगठा काहून? बाळचा काहून नाही? आता विचारते मी स्वतःला. तेव्हा प्रश्नच पडला नव्हता. कारण मी बाबांची कॉपी. नाक त्यांचं, पायाची वाकडी करंगळी त्यांची, राग तर थेट त्यांचाच. बाळ आईवर गेलेला, गोरा, शांत, गोल चेहऱ्याचा. लहानपणापासून येणारा-जाणारा म्हणायचा, कुमुद बापावर गेली, बाळ आईवर. त्यामुळे कोणी काही न बोलता घरात ठरून गेलं की असलंच तर ते कुमुदमध्ये. आईचंही तेच ठरलेलं. ती माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढायची आणि माझ्या हातांकडे पाहायची. बाळकडे तिनं कधी तसं पाहिलं नाही. शिकलेली माणसं आम्ही, मी स्वतः शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. फळ्यावर मुलींना शिकवायचे की रूप वेगळं आणि वारसा वेगळा. घरी येऊन मात्र नाकावरून आजार ठरवायचे.

शाळेत वानखेडे सर होते, भूगोलाचे. एका संध्याकाळी सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले आणि चेरीतालच्या वळणावर थांबून सरळ विचारलं. मला फार आवडायचे ते. आता लपवून काय करू? पण माझ्या डोळ्यापुढे बाबांची खाट आली, त्यांना चमच्यानं भरवणारी आई आली. म्हटलं, याला असं भरवायला लावायचं? उद्या मुलंबाळं झाली, त्यांचेही अंगठे पाहत बसायचं? मी "नाही" म्हटलं. कारण सांगितलं नाही. ते "अच्छा," म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. पुढे छिंदवाड्याला बदली झाली, लग्न झालं, ऐकून कळलं. मला त्या काळी वाटायचं, मी केवढं मोठं काम केलं, एका घरावरचं संकट टाळलं. अहा रे माझी त्यागमूर्ती!

बाळ मात्र त्या आजाराच्या मागेच लागला. दूर दक्षिणेत एका प्रयोगशाळेत गेला आणि तिथलाच झाला. थंडीत मात्र न चुकता यायचा, मटार सोलायला. सोलता सोलता मला समजवायचा. म्हणायचा, "ताई, प्रथिनं शरीरात घडी घातलेली असतात, नीट, इस्त्री केल्यासारखी. आपल्या घरात जे फिरून राहिलं ना, त्यात एका प्रथिनाची घडी चुकते. जे आत लपलेलं असायला पाहिजे ते बाहेर येतं." त्या बाहेर आलेल्या भागाला ओळखून नेमकं त्यालाच चिकटणारी वस्तू त्याला हवी होती. अँटिबॉडी. ती सशाकडून करून घ्यायची. सशाला त्या तुकड्याची सुई टोचायची, सशाचं रक्त त्याच्याविरुद्ध तयारी करतं, ती तयारी आपण काढून घ्यायची. मग कोणाच्याही नमुन्यात ती टाकली की घडी बिघडलेली असेल तिथं काळी रेघ येते, नसेल तिथं काही येत नाही.

मी विचारलं, "सशाला कळतं आणि आपल्या शरीराला नाही कळत?"

"आपल्यासाठी ते जन्मापासून घरचंच असतं ना, ताई. सशासाठी परकं."

"आणि त्या सशाचं पुढं काय होतं?"

तो शेंगा सोलत राहिला. "तू ते नको विचारू," म्हणाला. मला वाईट वाटलं. ससा गेला आणि आपल्याला काय मिळालं, असंही मनात आलं, पण बोलले नाही. एक नाही, किती तरी ससे झाले. पहिल्या तयारीत रेघ सगळ्यांनाच यायची, दुसरीत कोणालाच नाही. तो हसून सांगायचा आणि भावजय कपाळावर हात मारायची. म्हणायची, "ह्यांनी सशांबरोबरच लग्न करायला हवं होतं."

मग वर्ध्याच्या आमच्या चुलतभावाला, बाबांच्या त्याच मोठ्या भावाच्या मुलाला, तोच आजार झाला. त्यानं बाळला रक्त दिलं आणि घराण्यातला दोष नेमका कुठं आहे ते सापडलं. आता कोणालाही तपासता येत होतं. बाळनं मला विचारलं. मी टाळलं. पुढच्या वर्षी विचारलं, परत टाळलं. रिटायर झाल्यावर मात्र वाटलं, आता कशाची भीती? बाळच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी फोनवर मला समजावलं, परत परत विचारलं, "आपको सचमुच जानना है? न जानना भी आपका हक है." मी म्हटलं, "मॅडम, ज़िंदगी तो निकल गई, अब जान ही लेते हैं." आणि रक्त दिलं.

त्या थंडीत बाळ लवकर आला, मुलीला घेऊन. मिनू त्याची एकुलती एक. तिचं लग्न ठरलं होतं, तेही इथल्याच मुलाशी. अभिषेक तिच्याबरोबर शिकायला होता, घर सिविल लाइंसमध्ये, त्यामुळे लग्न जबलपुरातच करायचं होतं, हॉलही बोलून ठेवला होता. मिनू खरेदीला गेली आणि बाळ माझ्यासमोर सतरंजीवर येऊन बसला.

"ताई, तुझ्यात नाही आहे."

"काय नाही आहे?"

"बाबांचं. अँटिबॉडीनं काही दाखवलं नाही. पण तिच्यावर निकाल देत नसतात, ती अजून अभ्यासापुरती आहे. म्हणून जीनची तपासणी वेगळी करून घेतली. तीही साफ आहे. तू कधीच धोक्यात नव्हती."

लोक म्हणतील, बाईनं हात जोडले असतील, पेढे आणले असतील. मला राग आला. असा राग आला की थाळी मी ढकलूनच दिली, दाणे गच्चीभर. "मग मी काहून थांबली रे?" मी म्हटलं. "इतकी वर्षं काहून थांबली मी? आता सांगून राहिला? आता काय करू मी या साफ रक्ताचं, लोणचं घालू?" आणखीही बरंच बोलले. बाबांना बोलले, आईला बोलले, त्या डॉक्टरच्या नजरेला बोलले. बाळ ऐकून घेत होता. तो कधी ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. शांत होता, पण वाद सोडत नसे. त्याचं ते गप्प बसणं माझ्या हळूहळू लक्षात आलं. मला वाटलं, बिचाऱ्याची मेहनत गेली म्हणून उतरलाय. रेघच आली नाही, तर एवढ्या सशांचा उपयोग काय?

मी जरा नरमले. "म्हणजे तुझी ती अँटिबॉडी चालत नाही का?"

"चालते, ताई. फार चांगली चालते."

"कशावरून?"

तो खाली सांडलेले दाणे वेचायला लागला. वेचता वेचता सांगितलं. तपासायच्या नमुन्याशेजारी एक निरोगी माणसाचा नमुना ठेवावाच लागतो, तुलनेला. निरोगी माणूस शोधायला कोण बाहेर जातो? प्रयोगशाळेत जो हाताशी असेल तो बाही वर करतो. बाळनं अशी बाही आयुष्यभर वर केली होती, दुसऱ्यांच्या कितीतरी प्रयोगांना. माझं रक्त आलं त्या दिवशीही सवयीनं केली. आणि माझ्या नमुन्याच्या रांगेत काही नाही, निरोग्याच्या रांगेत काळी रेघ.

"आधी मी प्रयोगशाळेतल्या एका पोरीवर ओरडलो," तो म्हणाला. "नमुना उकळला तर सगळ्याच घड्या उकलतात, मग ती अँटिबॉडी कोणालाही चिकटते. वाटलं, हिनं नेहमीच्या सवयीनं उकळला असेल. तिनं नव्हता उकळला. मग मी स्वतः केलं. परत केलं. शेवटी माझीही जीनची तपासणी केली."

मी एवढंच म्हटलं, "अरे पण तू स्वतःचं रक्त निरोगी म्हणून कसं ठेवलं? तुला बाबा आठवले नाहीत?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आईचाच तो गोल चेहरा. "मला कधी वाटलंच नाही, ताई. मी आईवर गेलो ना."

मी रडले तेव्हा. त्याला जवळ घेऊन, लहानपणी पडला की घ्यायची तसं घेऊन रडले. मग विचारलं, काही जाणवून राहिलं का? तर म्हणाला, डावा पाय कधी कधी घासतो. आल्यापासून जिना चढताना तो मागे राहत होता आणि मी त्यालाच वजन कमी करायला सांगत होते.

बाळ त्यानंतर काही वर्षं होता. त्याची ती अँटिबॉडी अजून चालते, दूरदूरच्या प्रयोगशाळांत जाते, नवं औषध लागू पडतंय का ते तिच्या रेघेवरून पाहतात म्हणे. मिनू फोनवर सांगते. मला बरं वाटतं, पण फार वेळ नाही वाटत. बाळ नाही, आणि जगाला त्याच्या सशांचा उपयोग झाला, या दोन गोष्टींची बेरीज मला जमत नाही. मी त्याच्या हातांकडे एकदा तरी पाहायला हवं होतं, असं वाटत राहतं. पाहून काय केलं असतं? काही नाही. पण तो एकटा तर नसता ना त्या रेघेपुढे.

त्या दिवशी गच्चीवर मात्र त्याला स्वतःची काळजी नव्हती. "मिनूचं काय करू?" त्यानं विचारलं. "तिच्यात असू शकतं, नसू शकतं. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगतो. आत्ता सांगितलं आणि मोडलं तर?"

"मोडलं तर मोडलं," मी म्हटलं. "आजच सांग. मला आईनं तुपातून सांगितलं होतं, त्यापेक्षा तोंडानं सांग."

त्यानं सांगितलं. मिनू तासभर गच्चीवर एकटी बसली, मग लाल डोळ्यांनी खाली आली आणि तिनं अभिषेकला फोन लावला. तो संध्याकाळी मोटरसायकलवर आला, हातात मिठाईचा डबा, त्याला काय माहीत! मिनूनं त्याला आमच्यासमोरच बसवलं. "सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे नंतर कोणी कोणाला वेगळं काही सांगायला नको," म्हणाली, आणि हिंदीत सगळं सांगून टाकलं. तिच्या आजोबांचं, तिच्या बाबांचं, म्हणजे बाळचं. म्हणाली, माझ्यात आहे की नाही ते मी पाहायचं का, हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि नाहीही पाहणार कदाचित. तुला उठून जायचं तर जा, मी वाईट मानणार नाही.

पोरानं हातातला डबा टेबलावर ठेवला. मी त्याच्याकडे पाहत होते. मला पुढचं सगळं दिसत होतं. आता हा घड्याळ पाहील, "घर पे बात करके बताता हूँ" म्हणेल, डबा टेबलावर राहील आणि मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज येईल. त्याला जाणं सोपं व्हावं म्हणून काय बोलायचं, तेही मी मनात जुळवत होते. आपल्याला सवय आहे, आपण सांभाळून घेऊ पोरीला, असंही मनाशी म्हटलं.

त्यानं एकदा मिनूकडे पाहिलं, मग बाळकडे वळला. हळूच म्हणाला, "अंकल, फिर वो ऊपर वाला हॉल रहने दें क्या? सीढ़ियाँ बहुत हैं वहाँ. आपको तकलीफ़ होगी. नीचे वाला भी उस दिन खाली है, मैं सुबह जाके बदलवा लूँ?"

बस. एवढंच बोलला तो. मिनू रडता रडता हसायला लागली, बाळनं चष्मा काढून डोळे पुसले, भावजयीला फोन गेला. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत आले आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून उभी राहिले. बाबांसाठी मी रडले होते, आईसाठी रडले होते, बाळसाठी तर त्याच दुपारी रडले होते. आता पहिल्यांदा स्वतःसाठी रडले. चेरीतालच्या त्या वळणावर मला काय उत्तर मिळालं असतं, कोण जाणे. मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं.